चावडीचं माहेरपण

चैत्रातल्या एका सोमवारी हिंगणखेडच्या चावडीने आठ दिवस माहेरपणाला जाण्यासाठी रीतसर अर्ज केला. अर्ज सकाळी दहाला कुटुंब आधार केंद्राच्या टेबलावर होता. त्यावर तारीख होती, विषय होता, आणि खाली सहीच्या जागी पायरीच्या दगडाचा ठसा होता.

केंद्र चालवणाऱ्या रत्नमाला निकमने तो दोनदा वाचला आणि आवक रजिस्टरला चढवला. चावडी बोलत नसे, जे काही असेल ते लेखी देत असे. एकतीस वर्षं तिच्या पोटात सातबारे, फेरफार आणि पंचनामे मोठ्याने वाचले गेले होते. एवढ्यात माणूसही लिहायला शिकतो. सगळेच शिकत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

अर्जातला मजकूर असा होता: ‘महोदया, मला काळवाटच्या खाणीतून या गावी आणून एकतीस वर्षे झाली. या काळात माझ्याकडे बावीस सामुदायिक विवाह, असंख्य बारशी, दर महिन्याचे लसीकरण आणि न संपलेल्या अनेक ग्रामसभा झाल्या. मी एकदाही माहेरी गेले नाही. चैत्रात गौरसुद्धा महिनाभर माहेरी येऊन झोपाळ्यावर बसते. मला आठ दिवस पुरेत. झोपाळा नसला तरी चालेल.’

अकराला ग्रामसेवक पोतदार आले. गावात त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्यांनी अर्ज वाचला, उलटा करून मागे काही आहे का ते पाहिलं आणि चष्मा काढला.

“ताई, चावडी ही इमारत आहे.”

“ठाऊक आहे, भाऊसाहेब. रोज मीच झाडते.”

“मग माहेरपणाची योजना तिला कशी लागू होईल?”

रत्नमालाने परिपत्रक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. तालुक्याहून आलेल्या त्या कागदावर लिहिलं होतं, ‘लाभार्थी म्हणजे परगावाहून आणलेली, या गावात तीन वर्षांहून अधिक काळ भार वाहिलेली, आणि माहेरी जाण्यास पात्र असलेली.’ पुढे स्त्री, सून, गृहिणी असं काहीच नव्हतं. पोतदारांनी ओळ बोटाने पुसून पाहिली. तीत काही फरक पडला नाही.

“अशाने पाण्याची मोटार उद्या अर्ज करील,” ते म्हणाले.

“करू दे. तिचं माहेर कोल्हापूर. न्यायला कुणी आलं तर सोडू.”

पोतदार हाडाचे कारकून होते. योजना बसते म्हटल्यावर त्यांनी वाद सोडला आणि अडचणी काढायला घेतल्या. केंद्राच्या फळ्यावर ‘आगामी कार्यक्रम’ म्हणून मोठ्या अक्षरात मजकूर होता. शुक्रवारी सासू-सून संवाद मेळावा, आणि पुढच्या गुरुवारी गावातल्या सात गरोदर बायकांचं सामूहिक डोहाळजेवण. दोन्हीपुढे ‘स्थळ: चावडी’ असं लिहिलेलं. शिवाय जागा आठ दिवस मोकळी राहिली तर शेजारचा शामू माने तिथे म्हैस बांधणार, आणि शामूची म्हैस एकदा बसली की तिला उठवायला कोर्टात जावं लागतं, असं पोतदारांचं म्हणणं होतं.

“चुन्याची रेघ मारून घेऊ,” रत्नमाला म्हणाली. “मेळावा जोत्यावर मांडव टाकून करू. डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी ती परत येईल.”

“आणि नियम चार?”

चौथा नियम होता, ‘मुराळी आल्याशिवाय लाभार्थीस सोडू नये.’ मुराळी म्हणजे लेकीला न्यायला येणारा माहेरचा माणूस, बहुतेक वेळा भाऊ. रत्नमालाला हा नियम पाठ होता. परिपत्रक यायच्या आधीपासून ती तो पाळत होती.

कारण काळवाट हे तिचंही माहेर होतं. अठरा किलोमीटरवर. आणि नऊ वर्षांत ती तिथे गेली नव्हती.

त्याचं असं झालं होतं. तिच्या धाकट्या भावाच्या, बजरंगच्या मुलीचं बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि नाव सांगून झालं की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात तोही आत्याचाच मान. रत्नमालाची एसटी घाटात बंद पडली. ती घामाघूम होऊन दारात पोचली तेव्हा एका चुलत आत्याने नाव सांगून टाकलं होतं आणि धपाटे खाऊन, पाठ चोळत, ती पंगतीत भजी वाढत होती.

“माझे धपाटे तिनं खाल्ले!” रत्नमाला भर मांडवात म्हणाली. “आता न्यायला आलास तरच या घरी येईन.”

“जिला येळेत येता येत न्हाई, तिला न्यायला कशापायी जायाचं?” बजरंग म्हणाला.

रागात माणूस काय वाटेल ते बोलतो आणि चार दिवसांनी विसरतो. ही दोघं पडली जगदाळे घराण्यातली, शब्दाला चिकटून बसली. आईवडील नव्हते, कान धरून समोरासमोर बसवणारं कुणी उरलं नव्हतं. दर पंचमीला आणि दर दिवाळीला रत्नमाला पिशवी भरून ठेवी, दारात रांगोळी जरा मोठी काढी, आणि सण उलटला की पिशवी रिकामी करी. तिला माहेरी जायचं होतं. दुसरं काही तिने कुणाकडे मागितलं नव्हतं, आणि हेही मागितलं नव्हतं, कारण ते मागायचं नसतं.

काळवाटची खाण आता बजरंगच्या नावावर होती. म्हणजे चावडीचा मुराळी म्हणून बोलवायचं तर त्यालाच.

तिने पत्राचा पहिला मसुदा ‘चि. बजरंग’ असा सुरू केला आणि फाडला. दुसरा ‘बजरंगास’ असा केला, तोही फाडला. तिसरा ‘महोदय’ असा सुरू झाला आणि दुपारच्या एसटीने गेला.

बुधवारी सकाळी बजरंग ट्रॅक्टर घेऊन आला. डोक्याला लग्नातला गुलाबी फेटा, हातात शिदोरीचा डबा. केस कानाजवळ पांढरे झाले होते, आणि ते रत्नमालाला पहिल्यांदाच दिसत होते.

“काळवाटनं आलोया,” तो दारातून म्हणाला. “मुराळी.”

“कुणाचे?”

“चावडीचा.”

“बसा.” तिने फॉर्म पुढे ओढला. “पूर्ण नाव?”

“बजरंग सीताराम जगदाळे. तुमास्नी म्हाईत असंल.”

“सांगितलेलंच लिहायचं असतं. लाभार्थीचं वय?”

यावर पोतदार मध्ये पडले. वय दगडाचं धरायचं की बांधकामाचं, असा त्यांचा प्रश्न होता. दगडाचं धरलं तर चावडी ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत गेली असती आणि कागद पुन्हा पहिल्यापासून करावे लागले असते. बांधकामाचं धरायचं ठरलं. एकतीस.

“लाभार्थीशी नातं?”

बजरंगने फेटा जरा मागे सारला. “भाऊच म्हना की. तिचा धोंडा न् धोंडा माझ्या बानं सुरुंग लावून काढला. एका खानीचं आमी.”

‘भाऊ,’ रत्नमालाने लिहिलं. म्हणजे चावडी तिची धाकटी बहीण ठरत होती. तिला त्याचं नवल वाटलं नाही. लग्न होऊन हिंगणखेडला आली त्या वर्षी, घरची फार आठवण आली की ती चावडीच्या मागच्या भिंतीला टेकून उभी राहायची. दगड ओळखीचा होता.

“शेवटचा रकाना,” ती म्हणाली. “मुराळ्याला आणखी काही सांगायचं आहे का?”

बजरंगने पंख्याकडे पाहिलं. मग फळ्याकडे, मग स्वतःच्या चपलांकडे. पोतदारांनीही उगाच खिडकीबाहेर पाहिलं.

“न्हाई,” बजरंग म्हणाला.

तिने ‘निरंक’ लिहिलं.

दहा वाजता गावच्या बायकांनी चावडीची ओटी भरली. पायरीवर तांदूळ आणि नारळ ठेवला. एक खण चावडीच्या रुंदीला कुठून पुरणार, म्हणून अकरा खण जोडून शिवले होते. वायरमनने विजेची तार सोडवली, जुनं दप्तर शाळेत नेऊन ठेवलं. मग चावडीने आधी मागची भिंत उचलली, नंतर पुढची, आणि ती कॅनॉलच्या रस्त्याला लागली. पुढे बजरंगचा ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये, मागे चावडी, तिच्या मागे अडकलेली एसटी. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. तेव्हा कंडक्टर त्याला म्हणाला, “गप रं, माहेरवाशीन हाय,” आणि मग एसटी गुमान मागून चालली.

रत्नमाला चुन्याच्या रेघेजवळ उभी राहून बघत होती. तिला हेवा वाटला. इमारतीचा हेवा वाटणं बरं नव्हे हे तिला कळत होतं, तरी वाटला, आणि चांगला दोन दिवस वाटत राहिला. स्वयंपाकात मीठही जास्त पडलं.

शुक्रवारचा सासू-सून संवाद मेळावा मोकळ्या जोत्यावर झाला. भिंती नसल्यामुळे बोललेलं सगळ्या गावाला ऐकू जात होतं, त्यामुळे सासवा सुनांबद्दल आणि सुना सासवांबद्दल चांगलंच बोलल्या. उपस्थिती चौसष्ट. मेळावा अकरा मिनिटांत आटोपला. पोतदारांनी अहवालात ‘अभूतपूर्व प्रतिसाद’ असं लिहिलं आणि पुढच्या वर्षीही भिंती नसाव्यात अशी शिफारस केली.

मंगळवारी चावडीचं पत्र आलं.

‘सुखरूप पोचले. हवा मानवली. उद्या परत येण्यास हरकत नव्हती. तथापि एकतीस वर्षांपूर्वी मला सासरी पाठवली तेव्हा सोबत पाठराखीण दिली नव्हती. ट्रकमध्ये घालून पाठवली. नियम सातनुसार पाठराखीण मिळावी. सौ. रत्नमाला निकम यांची मागणी करते, त्या माझ्याच खाणीच्या आहेत. तोपर्यंत रजा वाढवून मिळावी.’

नव्या नवरीला सासरी एकटं वाटू नये म्हणून माहेरची जी बाई सोबत येते ती पाठराखीण. नियम सात तिच्याविषयीच होता, आणि त्यात स्पष्ट म्हटलं होतं की पाठराखीण माहेरच्याच उंबऱ्यातून निघाली पाहिजे. वाटेत कुठे गाठून चालायचं नाही.

पोतदारांनी घाम पुसला. “ताई, जीपची सोय करतो. आत्ता निघा, उद्या तिला घेऊन या.”

“मुराळी?”

“कुणाचा?”

“माझा. मीसुद्धा परगावाहून आणलेली आहे, भाऊसाहेब. चोवीस वर्षं भार वाहिला आहे. व्याख्येत बसते.”

पोतदारांनी व्याख्या पुन्हा वाचली. ती बसत होती.

“अहो, परवा सात बायकांचं डोहाळजेवण आहे. उघड्यावर, उन्हात बसवायच्या का त्यांना?”

“सातही जणींना लोहाच्या गोळ्या मीच देते. मला काळजी नाही असं समजू नका.”

“मग भावाला एक फोन करा. न्यायला ये म्हणावं.”

“न्यायला ये म्हणून फोन करायचा नसतो,” रत्नमाला म्हणाली. “सांगून आला तर ते न्यायला येणं होत नाही. ते नुसतं येणं होतं.”

पोतदारांच्या घरीही बहिणी होत्या. त्यांनी जीपचा विषय सोडला. रत्नमालाने चावडीला दोन ओळींचं उत्तर लिहिलं, ‘नियम चारनुसार अडचण आहे. कळावे,’ आणि ते संध्याकाळच्या एसटीने रवाना केलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला केंद्रात एकदम अंधारून आलं. दारासमोर चावडी उभी होती. खण अंगावर, पायरीवर थोडी काळवाटची लाल माती. तिच्या आतून फेटा सावरत बजरंग उतरला.

“आली!” पोतदार ओरडले आणि दोन खुर्च्या उचलून पळालेच. “चला, सामान आत घ्या. उद्याची तयारी सुरू करू!”

“खुर्च्या खाली ठेवा, भाऊसाहेब,” रत्नमाला म्हणाली. “ती कामावर आलेली नाही.”

“समोर उभी आहे की!”

“रस्त्यावर उभी आहे. चुन्याच्या रेघेच्या आत आलेली नाही. रजा चालू आहे तिची.”

पोतदारांनी रेघ पाहिली. चावडी तिच्यापासून चांगली हातभर बाहेर होती. त्यांनी खुर्च्या खाली ठेवल्या आणि त्यातल्या एकीवर बसले.

“मग आली कशाला?”

याचं उत्तर बजरंगने दिलं, आणि ते एका दमात दिलं. “आठ दिस माझ्या दाराम्होरं बसलीया. ऊन न्हाई, वारं न्हाई. जेवाय बसलं की खिडकीतनं ताटात बघती. काल तुमचा कागूद वाचला न् उंबऱ्यालाच चिकटली. पोरीला साळंला मागल्या खिडकीतनं काढली. बायकू म्हनली, तुमी गेल्याबिगार ही हलायची न्हाई, आन् मी बी सैपाक करायची न्हाई.”

“म्हणजे तुम्ही चावडीसोबत आलात.”

“व्हय. तिच्यासंगं.”

“मुराळी ती, का तुम्ही?” रत्नमालाने कोरा फॉर्म काढला. “इथे एकच नाव बसतं.”

बजरंगने वळून चावडीकडे पाहिलं. चावडीने या वेळी लेखी काही आणलं नव्हतं. रस्त्यावर चार माणसं जमली होती, शामू माने म्हशीसकट आला होता. रत्नमाला पेन उघडून बसली होती. तिच्या मनात एकच होतं: हा आता ‘चावडी’ म्हणाला तर आपण पिशवी भरायची कायमची सोडून द्यायची.

बजरंगने डोक्यावरचा फेटा काढला आणि टेबलावर ठेवला.

“माझं लिव्ह,” तो म्हणाला.

“पूर्ण नाव?”

“बजरंग सीताराम जगदाळे.”

“लाभार्थी?”

“आक्का.”

“पूर्ण नाव लागतं.”

“रत्नमाला सीताराम जगदाळे.”

फॉर्मवर निकम लिहायला हवं होतं. रेशनकार्डावर, मतदार यादीत, पगारपत्रकात सगळीकडे ती निकमच होती. पोतदार तसं सांगायला पुढे झुकलेही, पण रत्नमालाने बजरंगने सांगितलं तसंच लिहिलं.

“नातं?”

“तुला ठावं न्हाई व्हय गं?”

“सांगितलेलंच लिहायचं असतं.”

“भाऊ,” बजरंग म्हणाला, आणि नाक शिंकरायला दारापर्यंत जाऊन आला.

पोतदारांना उद्याची चिंता होती. मुराळी झाला, पाठराखीण झाली, ते सगळं ठीक. पण ही आज निघणार, पोचणार, तिथे पाहुणचार होणार, मग डोहाळजेवणाचं काय? रत्नमालाने फळ्याकडे बोट केलं. फळ्यावर ‘स्थळ: चावडी’ लिहिलं होतं. कुठल्या गावची, ते लिहिलं नव्हतं, आणि आमंत्रणं तशीच गेली होती. पोतदारांनी फळा तीनदा वाचला आणि मान हलवली. कार्यक्रम ठरल्या जागीच होत होता. सातही जणींना चावडीत गाद्या घालून बसवून न्यायचं ठरलं, आणि चावडीला घाटात बेताने चालण्याबद्दल लेखी सूचना देण्यात आली. बजरंग म्हणाला, “काळवाटला चिंचा लई धरल्यात औंदा.” हा मुद्दा गरोदर बायकांपर्यंत पोचताच सगळ्यांचा होकार आला.

एकच रकाना उरला होता. कालावधी. रत्नमालाने तिथे पेन टेकवलं.

“काय लिवतीस?” बजरंगने विचारलं.

“दोन दिवस. डोहाळजेवण उरकलं की चावडीला घेऊन निघायचं.”

“दोन दिस? नऊ वर्सांनी?”

“रजा बघावी लागते, बजरंग. मनाला येईल तेवढं लिहिता येत नाही.”

तिने नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली होती. पोतदारांनी रजेचं रजिस्टर उघडलं आणि त्यातून मान वर न काढता म्हणाले, “लाभार्थीस वर्षाला आठ दिवस. एकदाही घेतलेले नाहीत. नऊ वर्षांचे बहात्तर शिल्लक आहेत.”

“मग बहात्तर लिव्ह, आक्का,” बजरंग म्हणाला.

तेव्हा पोतदारांच्या लक्षात आलं की पाठराखीण बहात्तर दिवस बसली तर चावडीही तेवढेच दिवस बसणार. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, भावाबहिणीकडे पाहिलं आणि शिक्क्याची डबी पुढे सरकवली.

रत्नमालाने बहात्तर हा आकडा लिहिला. लिहिता लिहिता त्यावर डोळ्यांतलं पाणी पडलं आणि शाई पसरली. म्हणून तिने पुढे कंसात तो अक्षरी लिहिला, कागदोपत्री तसा लिहावाच लागतो.